कॅनच्या पाठीवरची बारीक अक्षरे

जयपूरहून आग्र्याच्या रस्त्याला लागले की घाट की गुणीच्या बोगद्याच्या अलीकडे ट्रान्सपोर्ट नगर लागते. न्हावाशेवा आणि भिवंडीहून माल घेऊन उत्तरेकडे निघालेले ट्रक, किशनगढचा संगमरवर वाहणारे ट्रेलर, राजस्थानभर हिंडणाऱ्या टुरिस्ट गाड्या या शहरातून जात-येत असतात आणि त्यांच्या जोरावर अशा वस्त्यांतली ऑईलची दुकाने चालतात. दुकानांत बादल्यांच्या उतरंडी असतात, मागे बॅरल. कॅनच्या दर्शनी बाजूवर सोनेरी ठसठशीत अक्षरांत शब्द असतो ‘फुली सिंथेटिक’, कुठे ‘सिंथेटिक ब्लेंड’, तर कुठे नुसतेच ‘सिंथेटिक टेक्नॉलॉजी’. साध्या मिनरल ऑईलपेक्षा दीडपट-दुप्पट पैसे मोजायला लावतो तो हाच शब्द. डिझेल गाडी चालवणाऱ्याला मात्र संपूर्ण कॅनवर सर्वांत कमी माहिती देणाराही हाच. कामाची माहिती पाठीमागे, चष्मा लावून वाचावी लागेल अशा अक्षरांत असते: एसएईचा आकडा, एपीआयची अक्षरे आणि इंजिन बनवणाऱ्या कंपनीच्या मंजुरीचा क्रमांक. तेल कशापासून केले ही ते करणाऱ्याची बाब आहे. ते कोणकोणत्या परीक्षा पास झाले, हे विकत घेणाऱ्याने पाहायचे.

इंजिन ऑईलमध्ये साधारण तीन-चतुर्थांश किंवा त्याहून जास्त भाग मूळ तेलाचा, म्हणजे बेस ऑईलचा असतो आणि उरलेला रसायनांचा. अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट म्हणजे एपीआय या संस्थेने मूळ तेलांचे पाच गट केले आहेत. पहिल्या गटात जुन्या पद्धतीने शुद्ध केलेले खनिज तेल येते. दुसऱ्या गटात हायड्रोजनच्या साहाय्याने अधिक स्वच्छ केलेले तेल. तिसऱ्या गटात तीच प्रक्रिया आणखी कठोरपणे होते आणि तेलाचा व्हिस्कॉसिटी इंडेक्स, म्हणजे तापमान बदलले तरी दाटपणा टिकवण्याचे माप, १२० किंवा त्याच्या वर जातो. चौथा गट पॉलिअल्फाओलेफिन या कारखान्यात जुळवलेल्या रेणूंचा, तर पाचव्यात एस्टर वगैरे उरलेले सगळे. पूर्वी सिंथेटिक म्हटले की चौथा आणि पाचवा गट एवढेच समजले जाई. मग कॅस्ट्रॉलने अमेरिकेत आपल्या ‘सिंटेक’ या तेलात पॉलिअल्फाओलेफिन काढून तिसऱ्या गटाचे तेल वापरायला सुरुवात केली आणि मोबिलने त्याविरुद्ध तक्रार केली. ही तक्रार प्रयोगशाळेत किंवा न्यायालयात गेली नाही. ती गेली नॅशनल ॲडव्हर्टायझिंग डिव्हिजनकडे, म्हणजे जाहिरातींच्या खरेखोटेपणाचा निवाडा करणाऱ्या उद्योगाच्याच मंडळाकडे. १९९९ साली निकाल कॅस्ट्रॉलच्या बाजूने लागला. तेव्हापासून कच्च्या तेलातूनच निघालेले, पण कठोर प्रक्रिया झालेले तेल सिंथेटिक म्हणून विकायला बहुतेक बाजारपेठा मोकळ्या झाल्या. जर्मनीत मात्र अशा तेलाच्या डब्यावर ‘एचसी-सिंथेज’ असे वेगळे नाव दिसते. म्हणजे एकच तेल एका देशात एका नावाचे, दुसऱ्या देशात दुसऱ्या नावाचे. आपल्या इंजिनाला या वादाशी काही देणेघेणे नाही.

उलट बाजूचे उदाहरण त्याहून बोलके आहे. कतारमधील रास लाफान येथे शेल कंपनीचा ‘पर्ल’ प्रकल्प नैसर्गिक वायूचे रेणू तोडून, पुन्हा सांधून मूळ तेल तयार करतो. खरी जुळवाजुळव म्हणावी तर ती हीच. पण एपीआयच्या वर्गवारीत हे तेलही तिसऱ्याच गटात बसते, कारण वर्गवारी गुणधर्म मोजते, कुळ विचारत नाही. वापरलेले काळे ऑईल रीतसर पुन्हा शुद्ध करून काढलेले मूळ तेलही, परीक्षा उत्तीर्ण झाले तर, एपीआयच्या परवान्याखालील ऑईलमध्ये चालते. आपल्या मुंबईत माहुलला एचपीसीएल आणि बीपीसीएल या दोन्ही सरकारी कंपन्या मूळ तेल तयार करतात. कोरियातून तिसऱ्या गटाचे तेल जगभर जाते. जयपूरच्या दुकानातल्या कॅनमध्ये यातले काय आहे आणि किती टक्के आहे, हे कॅनवर छापलेले नसते. ‘ब्लेंड’ म्हणजे दहा टक्के की पन्नास, याचाही पत्ता लागत नाही.

आता पाठीवरचा पहिला आकडा, उदाहरणार्थ १५डब्ल्यू-४०. यातला ‘डब्ल्यू’ हिवाळ्याचा. १५डब्ल्यू तेलाची चाचणी उणे २० अंशांना होते. त्या थंडीत स्टार्टर फिरवताना ते ठरावीक मर्यादेपेक्षा घट्ट होता कामा नये. ५डब्ल्यूसाठी हीच चाचणी उणे ३० अंशांना होते. सिंथेटिक तेलाचा सर्वांत निर्विवाद फायदा इथे आहे. लेह-लडाखला किंवा कॅनडात तो पैसे वसूल करून देईल. जयपूरमध्ये जानेवारीच्या पहाटे पारा चार-पाच अंशांवर येतो, क्वचित त्याखाली. आणि मे-जूनमध्ये तो ४४-४५ अंशांपर्यंतही चढतो. उणे वीसची वेळ तिथे येत नाही. त्यामुळे ५डब्ल्यूसाठी जास्तीचे पैसे देणारा जयपूरचा ट्रकमालक, कधीच न पडणाऱ्या थंडीचा विमा उतरवत असतो.

उन्हाळ्याशी संबंध आहे तो दुसऱ्या आकड्याचा. ४० म्हणजे १०० अंश सेल्सिअसला तेलाची व्हिस्कॉसिटी १२.५ ते १६.३ सेंटिस्टोक्सच्या दरम्यान. त्याशिवाय एक आणखी महत्त्वाचे मोजमाप आहे, जे कॅनवर जवळपास कधीच छापले जात नाही. बेअरिंगमध्ये तेलाचा पापुद्रा दाबाखाली आणि प्रचंड घर्षणात किती टिकतो, हे १५० अंशांना मोजतात. त्याला एचटीएचएस म्हणतात. एसएईच्या नियमाप्रमाणे १५डब्ल्यू-४० साठी ही किमान मर्यादा ३.७ आहे, तर ५डब्ल्यू-४० साठी ३.५. म्हणजे कमी दिमाखाच्या, स्वस्त १५डब्ल्यू-४० कडून उष्णतेत अपेक्षित असलेला तळ महागड्या ५डब्ल्यू-४० पेक्षा वरचा आहे. ही किमान मर्यादा झाली. चांगले ५डब्ल्यू-४० प्रत्यक्षात त्याहून पुढे असू शकते, हे मान्यच. पण ‘गरम प्रदेश आहे म्हणून सिंथेटिक घ्या’ या विक्रेत्याच्या वाक्याला या कोष्टकात काही आधार मिळत नाही.

यावर मिस्त्री लोकांचा एक उलटा आक्षेप असतो. राजस्थानच्या उन्हात पातळ तेल चालत नाही, २०डब्ल्यू-५० सारखे जाडच हवे, असे ते सांगतात. जुन्या, झिजलेल्या, ऑईल खाणाऱ्या इंजिनापुरते त्यात तथ्य आहे. झिजलेल्या फटी जाड तेल काही काळ झाकते. पण धडधाकट इंजिनात तेलाचे तापमान मुख्यतः थर्मोस्टॅट, रेडिएटर आणि भार यांवर ठरते. बाहेर २५ अंश असोत की ४५, चेंबरमधले तेल शंभरच्या आसपासच चालवायचे, अशीच सगळी रचना असते. ४० हा आकडा मुळात शंभर अंशांवरच मोजलेला आहे, म्हणजे उन्हाळा त्यात आधीच धरलेला आहे. विनाकारण जाड तेल घातले की पंपावर भार येतो, सकाळी टर्बोपर्यंत तेल पोचायला वेळ लागतो आणि डिझेलचे ॲव्हरेज घटते. रेडिएटरची जाळी धुळीने बंद झाली असेल तर ५० नंबरचे तेल ती उघडून देणार नाही.

आता अक्षरांकडे वळू, कारण डिझेल इंजिनाचे खरे पुराण तिथे आहे. एपीआयच्या खुणेत ‘एस’ने सुरू होणारी अक्षरे पेट्रोलसाठी आणि ‘सी’ने सुरू होणारी डिझेलसाठी. नंतरचे अक्षर जसजसे पुढे सरकते तसतशी परीक्षा कठीण होते. १९९५ साली सीजी-४, १९९८ ला सीएच-४, २००२ ला सीआय-४, २००६ ला सीजे-४, डिसेंबर २०१६ पासून सीके-४. यातले जवळजवळ प्रत्येक अक्षर प्रदूषणाच्या एखाद्या कायद्यामागून आलेले आहे. सीआय-४ आले ते धुराचा काही भाग पुन्हा इंजिनात फिरवणाऱ्या ईजीआर यंत्रणेमुळे. तिच्यामुळे तेलात काजळी वाढली आणि ती तरंगत ठेवण्याची ताकद तेलाला हवी झाली. सीजे-४ आले ते सायलेन्सरच्या वाटेवर काजळी अडवणाऱ्या डीपीएफ फिल्टरमुळे. सीके-४ ची अट घालताना व्होल्व्होच्या इंजिनावर ऑक्सिडेशनची आणि कॅटरपिलरच्या इंजिनावर तेलात हवा किती मिसळते याची नवी चाचणी आली. या परीक्षा प्रयोगशाळेत खऱ्या इंजिनांवर शेकडो तास चालतात. नंतर पिस्टन, रिंगा, बेअरिंग उघडून मोजले जातात. मिनरल तेल त्यात उत्तीर्ण झाले तर त्याला सीके-४ मिळते आणि सिंथेटिक नापास झाले तर त्याला मिळत नाही. म्हणूनच सीके-४ असलेले साधे १५डब्ल्यू-४० हे सीएफ-४ लिहिलेल्या ‘सिंथेटिक’ डब्यापेक्षा निःसंशय सरस समजावे.

भारतात या अक्षरांना १ एप्रिल २०२० पासून वेगळेच वजन आले. त्या दिवशी देशभर प्रदूषणाचे बीएस-६ निकष लागू झाले, डिझेलमधले गंधक दहा लाख भागांत दहा भागांवर आले आणि नव्या ट्रक-मोटारींच्या धुराच्या वाटेवर डीपीएफ बसला. डीपीएफमध्ये काजळी साठते आणि ठरावीक वेळाने जास्त तापमानात जळून वायू होते; यालाच रीजनरेशन म्हणतात. जळत नाही ती राख. ही राख डिझेलची नसते, ती इंजिन ऑईलमधल्या कॅल्शियम, मॅग्नेशियम, जस्तासारख्या धातूंच्या रसायनांची असते. हिशेब सोपा आहे. एक लिटर तेलाचे वजन साधारण ८७० ग्रॅम. सीके-४ मध्ये सल्फेटेड ॲश, म्हणजे या राखेचे प्रमाण, एक टक्क्याच्या आत ठेवावे लागते, म्हणजे जळालेल्या प्रत्येक लिटरमागे जास्तीत जास्त ८.७ ग्रॅम राख. जुन्या पद्धतीच्या सीआय-४ तेलात हे प्रमाण दीड टक्क्याच्या आसपास असू शकते, म्हणजे १३ ग्रॅम. गाडीने तिच्या आयुष्यात ३० लिटर ऑईल खाल्ले तर एका बाजूला सुमारे २६० ग्रॅम राख आणि दुसऱ्या बाजूला ३९० ग्रॅम. हा सुमारे १३० ग्रॅमचा फरक फिल्टरच्या बारीक छिद्रांत जाऊन बसतो, धुराचा मागचा दाब वाढतो, रीजनरेशन वरचेवर होऊ लागते, डिझेल जास्त जळते आणि शेवटी फिल्टर काढून साफ करण्याचा किंवा बदलण्याचा खर्च येतो. मोटारींसाठीच्या युरोपीय एसीईए संस्थेच्या सी-२, सी-३ प्रतीत राखेची मर्यादा आणखी खाली, ०.८ टक्के आहे. सिंथेटिक हा शब्द या राखेबद्दल अक्षरही बोलत नाही. शंभर टक्के सिंथेटिक तेलात भरपूर राख असू शकते आणि साध्या तेलात कमी.

जयपूरच्या बाबतीत हा गुंता अधिक, कारण तिथे तीन पिढ्यांची इंजिने एकाच रस्त्यावर धावतात. दिल्ली आणि राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर बंदी आली होती. राजस्थानातले अलवर आणि भरतपूर त्या क्षेत्रात येतात, जयपूर येत नाही. एनओसी घेऊन बाहेर पडलेल्या जुन्या डिझेल गाड्यांना अशा शहरांत दुसरे आयुष्य मिळते. त्यामुळे एकाच काउंटरवर बीएस-३ चा टेम्पो, बीएस-४ चा ट्रक आणि बीएस-६ ची टुरिस्ट गाडी यांचे चालक उभे असतात आणि तिघांना एकाच बॅरलमधून तेल मापून देण्याचा मोह दुकानदाराला आवरत नाही. पहिल्या दोघांचे त्यात फारसे बिघडणार नाही. तिसऱ्याचे बिघडेल, पण लगेच नाही. वर्षा-दोन वर्षांनी डॅशबोर्डवर दिवा लागेल आणि त्या वेळी दोष कोणत्या ऑईलचा, हे कोणालाच आठवणार नाही.

जाणकार यावर विचारतील की जुन्या इंजिनाला कमी राखेचे तेल पुरेल का. राख देणारी तीच रसायने आम्लाशी लढतात. तेलाची ही ताकद टीबीएन या आकड्याने मोजतात. प्रश्न रास्त आहे, मात्र तो कालचा आहे. १९९० च्या दशकाच्या मध्यापर्यंत भारतातल्या डिझेलमध्ये टक्काभर गंधक चालत असे, म्हणजे दहा लाखांत दहा हजार भाग. ते जळून गंधकाम्ल तयार होई आणि जास्त टीबीएनच्या तेलाची गरज खरीच होती. आज बीएस-३ च्या टेम्पोतही पंपावर तेच दहा भागांचे डिझेल भरले जाते. आम्लाचा मुख्य पुरवठाच हजारपटीने आटला आहे. शिवाय सीएच-४ ते सीजे-४ या मागच्या प्रती मागणाऱ्या इंजिनांत सीके-४ चालते, असे एपीआय सांगते. फक्त ‘पुढचे अक्षर ते चांगले’ हा नियम डोळे झाकून लावू नये. सीके-४ बरोबरच २०१६ साली एफए-४ ही प्रत आली. ती मुद्दाम पातळ ठेवलेली आहे, एचटीएचएस २.९ ते ३.२ च्या दरम्यान, डिझेल वाचवण्यासाठी. ती ठरावीक नव्या इंजिनांसाठीच आहे. जुन्या इंजिनात घालू नये.

मग सिंथेटिक ही निव्वळ लूट म्हणायची का? तसे म्हणणे अन्यायाचे होईल. तिसऱ्या-चौथ्या गटाच्या तेलाची वाफ कमी होते, ते उष्णतेने लवकर घट्ट होत नाही, भरधाव चालवून एकदम बंद केलेल्या गाडीच्या टर्बोत ते कमी करपते. ५डब्ल्यू-३० सारखे पातळ आणि तरीही टिकाऊ तेल साध्या मूळ तेलातून करणे कठीणच आहे. बीएस-६ मोटारीच्या पुस्तिकेत ते लिहिले असेल तर सिंथेटिक घेण्याला पर्याय नाही. पण विक्रीचा मुख्य मुद्दा वेगळाच असतो: ‘दुप्पट किलोमीटर चालेल, म्हणजे महाग पडत नाही.’ तेल बदलावे लागते ते दोन कारणांनी. एक, तेल स्वतः म्हातारे होते. दोन, त्यात घाण साचते. सिंथेटिक पहिल्या कारणावर इलाज आहे. दुसऱ्यावर नाही. जयपूरला उन्हाळ्यात पश्चिमेकडून आंधी येते, हवेत वाळूची पूड असते, आणि एअर फिल्टरच्या फटीतून आत गेलेली सिलिका रिंगा आणि लायनर कानशीसारखी घासते. ही पूड मिनरल तेलातही तितकीच घासते आणि सिंथेटिकमध्येही. काजळीचेही तसेच. म्हणून धुळीच्या भागात, अवजड भारात किंवा सतत थांबत-निघत चालणाऱ्या गाडीसाठी पुस्तिकेत ‘सिव्हिअर सर्व्हिस’चे कमी किलोमीटर वेगळे दिलेले असतात. त्या खड्यासारख्या पुडीसकट तेल आणखी दहा हजार किलोमीटर फिरवणे ही बचत नाही. जयपूरच्या लग्नसराईत रात्र-रात्र चालणाऱ्या जनरेटरना तर किलोमीटरच नसतात. तिथे तास मोजावे लागतात आणि ते मोजणारे मीटर बंद पडलेले असले तरी कोणी दुरुस्त करत नाही.

ऑईल काळे पडले म्हणजे खराब झाले, हा समजही इथेच निकालात काढावा. डिझेल गाडीत नवे तेल थोड्याच दिवसांत काळे दिसते. काजळी तळाशी न बसू देता तरंगत ठेवणारी रसायने काम करत आहेत, याची ती खूण. डिपस्टिक पुसून रंग पाहणाऱ्याने त्यापेक्षा बोटांत चोळून खरखरीतपणा पाहावा, डिझेलचा वास येतो का पाहावे, पातळी उतरण्याऐवजी वर चढली आहे का पाहावे. डीपीएफच्या रीजनरेशनमध्ये जादा डिझेल सोडले जाते आणि शहरात तुकड्या-तुकड्यांत चालणाऱ्या गाडीत ते चेंबरमध्ये उतरते. चढलेली पातळी हे त्याचे लक्षण. मोठ्या ताफ्यांच्या मालकांनी वापरलेल्या तेलाचा नमुना प्रयोगशाळेत पाठवावा. लोह, सिलिकॉन, काजळी, टीबीएन हे आकडे कोणत्याही लेबलपेक्षा खरे बोलतात.

लेबलवरच्या शब्दांत एक शेवटची मेख आहे. ‘कमिन्स सीईएस २००८६’, ‘व्होल्व्हो व्हीडीएस-४.५’ किंवा ‘एमबी-ॲप्रूव्हल २२८.३१’ असे लिहिले असेल तर मागे कोणता शब्द आहे ते पाहावे. ‘ॲप्रूव्हल’ किंवा ‘अप्रूव्ह्ड’ असेल तर इंजिन कंपनीने तेल तपासून पत्र दिलेले असते. ‘मीट्स’ म्हणजे तेल कंपनी स्वतः सांगते की आम्ही अटी पाळतो. ‘सूटेबल फॉर’ किंवा ‘रेकमेंडेड फॉर’ म्हणजे ते आमचे मत आहे. एपीआयचेही तसेच. अक्षरे तर कोणीही छापू शकतो. वर प्रत, मध्ये एसएईचा आकडा असलेला एपीआयचा गोल शिक्का मात्र परवानाधारकालाच वापरता येतो आणि परवानाधारकांची यादी एपीआय सगळ्यांसाठी खुली ठेवते. भारतीय मानक ब्युरोचे आयएस १३६५६ हे मानकही इंजिन ऑईलसाठी आहे.

शेवटचा आक्षेप सर्वांत गंभीर: कॅनच नकली असेल तर पाठीवरची अक्षरे वाचून काय उपयोग? उपयोग मर्यादित आहे, हे खरे. मूळ कंपनीचा रिकामा डबा भंगारात जातो, तिथून गाळलेले काळे ऑईल भरून पुन्हा दुकानात येतो आणि त्यावरचे प्रत्येक अक्षर अस्सल असते. पण या धंद्याला बळ मिळते ते दर्शनी शब्दावर जाणाऱ्या गिऱ्हाइकामुळेच. महागडा शब्द जितका जास्त विकला जातो तितका त्याचा रिकामा डबा जास्त भावाने उचलला जातो. ऑईल बदलून झाले की डबा आपल्यासमोर फोडायला लावावा, झाकणाची सील आणि बॅच नंबर बघावा, पक्के बिल घ्यावे. वापरलेले तेल रीतसर पुनर्शुद्धीकरणाला जावे म्हणून १ एप्रिल २०२४ पासून तेल कंपन्यांवर जबाबदारी आली आहे. ते नीट अमलात आले तर नकली डब्यात भरायला काळे ऑईल स्वस्तात मिळणे कमी होईल.

२०११ च्या वेष्टित वस्तूंच्या नियमांनुसार प्रत्येक कॅनवर उत्पादकाचे नाव, निव्वळ माप, महिना-वर्ष आणि कमाल किंमत छापावीच लागते. त्यात मूळ तेलाचा गट आणि सल्फेटेड ॲशची टक्केवारी या दोन ओळींची भर घालायला कारखानदाराला नवी चाचणी करावी लागणार नाही, कारण हे दोन्ही तपशील त्याच्या दप्तरी असतातच. ग्राहक पंचायतींनी आणि वाहतूकदार संघटनांनी केंद्रीय ग्राहक मंत्रालयाकडे ही मागणी लावून धरायला हवी. तोवर गाडीची पुस्तिका डॅशबोर्डच्या कप्प्यातून काढून ऑईलचे पान उघडावे, त्यावरची अक्षरे मोबाइलमध्ये टिपून ठेवावीत आणि दुकानात गेल्यावर कॅन आधी उलटा करायला सांगावा.